काहीही चालेल

मला रांगेत उभं राहता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं, आजही येत नाही. नळावर, दवाखान्यात, रेशनच्या दुकानासमोर दोन मिनिटं उभी राहिले की माझे पाय आपले आपण हलायला लागतात. आई म्हणायची, "ह्या चेडवाच्या पायाक भिंगरी लागली हा." आई मालवणकडची, शेवटपर्यंत मालवणीतच बोलली. बाबाही तिकडचेच, पण ते छापखान्यात जुळारी होते. लोकांची वाक्यं शिशाच्या अक्षरखिळ्यांनी जुळवता जुळवता त्यांचं स्वतःचं बोलणंही पुस्तकासारखं झालं होतं. घरात दोघं दोन भाषांत भांडायची. म्हणजे आई भांडायची आणि बाबा शुद्ध मराठीत गप्प बसायचे.

आम्ही घाटकोपरला चाळीत राहत होतो. एकोणीसशे पन्नासनंतरची वर्षं. मी मॅट्रिक झाले होते, टायपिंगच्या क्लासला जात होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. त्या उन्हाळ्यात बाबा एकदा दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटून घरात आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवड्याभरात मी मोजायचं सोडून दिलं. जेवताना डाव्या बाजूला ठेवलेली वाटी त्यांना दिसायची नाही. आई वाटी उजवीकडे सरकवायची आणि कोणीच काही बोलायचं नाही. आमच्या घराची ही जुनीच खोड, जे दुखतं त्याला हात लावायचा नाही. शेवटी मीच वैतागले आणि त्यांना हाताला धरून धर्मादाय दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग म्हणाले, "काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. गेलेली नजर परत येणार नाही, पण आहे ती राखता येईल. ऑपरेशन लवकर करून घ्या. नंतर दोन-तीन महिने कामाचं नाव काढायचं नाही."

बाहेर आल्यावर बाबा चपला शोधत होते. मी त्या त्यांच्या पायाशी सरकवल्या. ते म्हणाले, "तुला नोकरी लागली की करू."

"आणि तोवर?"

"तोवर थेंब घालू."

त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. छापखान्याचा मालक तीन महिने कोणासाठी जागा अडवून ठेवणारा नव्हता. जुळाऱ्याचे डोळे गेलेत असा नुसता वास लागला असता तरी बाबा दुसऱ्या दिवशी घरी बसले असते. तोपर्यंत त्यांचं निभावत होतं ते हातांच्या जोरावर. खिळ्यांची जी लाकडी पेटी असते, तिला केस म्हणतात. तिच्यात प्रत्येक अक्षराला आपापला खाना. इतक्या वर्षांनी बाबांचा हात न बघताही बरोबर खान्यात जायचा. चूक राहिली तर शेजारच्या केसवरचे जुळारीकाका गुपचूप प्रूफ वाचून द्यायचे. पण हे असं किती दिवस चालणार? मला नोकरी लागेपर्यंत. म्हणजे माझी नोकरी जितकी लांबणार तितकी बाबांची नजर जाणार, हा सरळ हिशेब होता. तो मला झोपूही देईना आणि बसूही देईना.

तेव्हा सरकारी नोंदणी कचेरी होती, तिला सगळे एक्स्चेंज म्हणायचे. तिथं नाव घालायचं, कार्ड घ्यायचं, ठरावीक मुदतीनं जाऊन त्यावर शिक्का मारून आणायचा. कुठं जागा निघाली की ते बोलावणं पाठवणार. बाबा छापखान्यातून अर्धा दिवस काढून माझ्याबरोबर आले. वाटेत मला शिकवत होते, अगदी लग्नाच्या पंगतीला नेताना लहान पोराला शिकवतात तसं.

"हे बघ, आपण मागायला चाललोय. तिथं जाऊन हे पाहिजे अन् ते पाहिजे करायचं नाही. विचारलं तर म्हणायचं, काहीही चालेल."

"पण बाबा, मला टायपिंग—"

"परीक्षेचा निकाल लागलाय?"

"नाही अजून."

"मग सर्टिफिकेट हातात नसताना येतं म्हणून सांगणं म्हणजे थाप मारणं झालं."

"आणि मराठी टायपिंग?"

बाबा हसले. "ते कोण विचारतंय!"

हे मराठी टायपिंगचं सांगायला हवं. आमच्या क्लासात इंग्रजी मशिनं चार आणि मुलं ढीगभर. पाळी येईपर्यंत बाकावर बसायचं, आणि मला तर बसता येत नाही. कोपऱ्यात कापडाखाली एक मराठी मशीन होतं, त्याला कुणी शिवायचं नाही. मास्तरांना विचारलं, तर म्हणाले, "बडव हवं तर, नाहीतरी गंज चढतोय." मी बडवलं. माझी पाळी येईपर्यंत रोज. आधी चाळा म्हणून, मग चुरशीनं. सहा महिन्यांत माझी बोटं मराठीत इंग्रजीपेक्षा जास्त सुटली. पण त्याची ना परीक्षा दिली, ना त्याचं कौतुक झालं. मलाही ती शिट्टी वाजवता येते तसलीच काहीतरी गंमत वाटायची.

खिडकीमागच्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "कोणत्या प्रकारचं काम हवं?"

आयुष्यभर मी बापाचं ऐकलं नाही आणि नेमकं त्या दिवशी ऐकलं. म्हटलं, "काहीही चालेल."

"आणखी काही येतं?"

बाबाच मागून म्हणाले, "विशेष काही नाही."

आता यात बाबांना तरी काय बोलायचं? आपल्याकडे कुणाच्या घरी गेलं आणि चहा घेणार की सरबत विचारलं, की काय म्हणतात? काहीही चालेल. कसं काय चाललंय? विशेष काही नाही. पोरगी पहिली आली तरी विशेष काही नाही. हीच आपली रीत. कारकुनानं दोन शब्द लिहिले, कार्डावर शिक्का मारला आणि मला माझा तुकडा दिला. मी तो रेशनकार्डासारखा जपून पिशवीत ठेवला. त्या कार्डाचं मला तसंच काहीसं वाटलं होतं. आपला नंबर लागलाय. पुढचे संपले की आपली पाळी येईल आणि हाक मारतील.

हाक काही येईना.

पोस्टमन दिवसातून दोनदा यायचा. सकाळच्या वेळी मी गॅलरीत असायची आणि दुपारच्या वेळी खाली, नाक्यावर. पुढेपुढे तो मला लांबूनच बघून मान हलवायला लागला. सभ्य माणूस होता, पण त्या मान हलवण्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. वर आले की आई विचारायची, "गो, काय मेळला?" मी म्हणायची, "डोंबल मेळला." मग आई माझ्याशी दुपारभर बोलायची नाही.

निकाल लागला, मी पास झाले, सर्टिफिकेट आलं. मी वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना अर्ज पाठवायला लागले. एकालाही उत्तर नाही. कुणीतरी म्हणालं, ट्रॉम्बेला सरकारचं मोठं काहीतरी उभं राहतंय, माणसं लागणार. दोन बशी बदलून गेले. तिथं धूळ, तारेचं कुंपण आणि एक हवालदार. तो म्हणाला, "बाई, अजून भिंतीच चालल्यात, भिंतींना टायपिस्ट कशाला?" बोरीवलीला एका शाळेत बोलावलं. तिथल्या बाईंनी माझं इंग्रजी तपासलं, अक्षर तपासलं आणि शेवटी विचारलं, लग्न कधी करणार? मी म्हटलं, तुम्ही सांगाल तेव्हा. झालं, तिथंही वाट लागली. माझी जीभ ही माझी पहिली शत्रू, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मग मी पायीच निघायला लागले. घाटकोपरवरून आग्रा रोड धरायचा. विक्रोळी, कांजूर, भांडुप, मुलुंड. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तेव्हा नवे नवे कारखाने उठत होते. एकीकडे डोंगर, दुसरीकडे लांबवर मिठागरं चमकायची. उन्हानं डोळे दिपले की मला बाबा आठवायचे आणि मी आणखी जोरात चालायची. प्रत्येक फाटकावर थांबायचं, विचारायचं, पुढं जायचं. भांडुपच्या अलीकडे एक विजेच्या स्विचांचा कारखाना होता. त्याच्या फाटकावर पांढऱ्या अक्षरांत बोर्ड टांगलेला, 'नो व्हेकन्सी'. पहारेकरी धिप्पाड आणि कामाला एकदम चोख.

"बोर्ड दिखता नहीं क्या?"

"दिसतो. पण कचेरीत काही—"

"जगा नहीं है. आगे चलो."

त्या फाटकावर मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा तर त्यानं बोलायचेही कष्ट घेतले नाहीत. काठीनं नुसता बोर्ड दाखवला. मी त्याला घाटकोपरपर्यंत ऐकू जातील अशा चार शिव्या मनातल्या मनात घातल्या आणि हात हलवत परत आले.

पावसाळा संपत आला तेव्हा अंधेरीचं झालं. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, इथं पहिल्यांदाच लिहितेय. अंधेरीला औषधाच्या बाटल्या भरायचा एक छोटा कारखाना होता. टायपिंगच्या क्लासातल्या मुलीनं सांगितलं म्हणून गेले. आतल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आत्तापासून बसतेस का? लेबलं चिकटवायची आहेत." जमिनीवर गोणपाट अंथरलेलं, सातआठ बायका मांडी घालून बसलेल्या, मधे खळीचं पातेलं. सगळ्यांच्या बोटांना खळ लागून पांढरी साल आली होती.

मी माझ्या बोटांकडे बघितलं. म्हटलं, ह्या बोटांनी आता टाइप करायचंय, लेबलं नाही लावायची. दोन दिवसांत फोर्टमधल्या एका जाहिरातीचं उत्तर यायचं होतं. त्या अर्जावर माझी फार भिस्त होती. इथं रोज येऊन बसले तर मुलाखतीला जाणार कशी? आणि खरं सांगायचं तर, लाज वाटली. मी म्हटलं, "उद्या सांगते."

बाई म्हणाल्या, "उद्या जागा राहील न राहील."

"असू दे."

काहीही चालेल म्हणून सांगून आलेली मी. पहिली गोष्ट समोर आली आणि तीच चालली नाही. फोर्टचं उत्तर आलं. जागा भरली, असं एका ओळीत. मी त्याच पावली उठून अंधेरीला गेले. गोणपाटावर माझ्या जागी दुसरी मुलगी बसली होती, माझ्याहून लहान, आणि झरझर लेबलं लावत होती. परतीच्या बशीत मला रडूही आलं नाही, नुसता स्वतःचा संताप आला. घरी बाबा दाराशी बसून थेंब घालून घेत होते. आईचा नेम चुकत होता आणि थेंब गालावर ओघळत होते.

"कुठं गेली होतीस?" त्यांनी विचारलं.

"अशीच," मी म्हटलं.

त्यानंतर छापखान्यात एक गोष्ट झाली. जुळारीकाका तापानं चार दिवस आले नाहीत, प्रूफ वाचायला कोणी नाही, आणि बाबांनी जुळवलेली एक लग्नपत्रिका तशीच छापून गेली. वधूच्या वडिलांचं नावच पत्रिकेत नव्हतं. एक अख्खी ओळ गळली होती. मालकानं बाबांना बोलावून विचारलं, झोपेत होतात का? बाबा हो म्हणाले. डोळ्यांचं सांगण्यापेक्षा झोपेचं परवडलं. घरी येऊन हे त्यांनी आईला सांगितलं, मला नाही, पण आमच्या खोलीत कोणाला न सांगता काही सांगणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझी शिक्का मारायची तारीख होती. एक्स्चेंजमधे रांग लांबलचक. पुढच्या माणसाला कारकुनानं विचारलं, "बदल काही?" तो म्हणाला, "नाही साहेब." ठप्प. पुढचा. "बदल काही?" "नाही." ठप्प. मी इतके महिने दर खेपेला हेच करत आले होते. काही बदल नाही. ठप्प. माझे पाय हलायला लागले. डोळ्यांसमोर बाबा, मालकासमोर मान खाली घालून, झोप लागली होती म्हणणारे. खिडकीपाशी पोचेपर्यंत माझं डोकं पार फिरलं होतं.

"बदल काही?"

"बदल?" मी ओरडलेच. "अहो, बदल काय डोंबल होणार? किती महिने शिक्केच मारताय! एक तरी बोलावणं पाठवलंत? मॅट्रिक आहे मी. इंग्रजी टायपिंगची परीक्षा पास आहे. मराठी मशीनसुद्धा चालवते, तुमच्या इथं कोणाला चालवता येणार नाही इतकं. मग माझा नंबर येतो कधी?"

कारकुनानं पहिल्यांदाच मान वर केली. बिचारा वयस्कर, डोळ्यांखाली काळं आलेला. म्हणाला, "काय चालवता?"

"मराठी मशीन. टायपिंगचं."

"आणि इंग्रजीही?"

"हो."

तो उठला. आतल्या लाकडी खणांच्या कपाटाकडे गेला आणि बराच वेळ एक खण उपसत राहिला. शेवटी माझं कार्ड घेऊन आला आणि माझ्यासमोर आडवं धरलं. इच्छित काम: कोणतेही. अन्य पात्रता: विशेष नाही.

"हे तुम्हीच सांगितलंत ना? मग मी तुम्हाला कुठल्या खणात घालू?" तो म्हणाला. "मागणी येते ती टायपिस्टची येते, ड्राफ्ट्समनची येते, नर्सची येते. कोणतेही माणूस पाठवा, असं पत्र मला आजपर्यंत आलं नाही. इथं कुणाचा नंबर लागत नसतो, बाई. खण उघडला जातो, आणि हा किरकोळचा खण कोणी उघडतच नाही."

कार्डावरचे ते शब्द मी पुन्हा एकदा वाचले.

मग त्यानं टेबलावरच्या फायलीतून टाचणीला टोचलेल्या चिठ्ठ्यांचा एक जुडगा काढला. एकाच कारखान्याच्या, एकावर एक. "दर महिन्याला हे लोक विचारतात, इंग्रजी-मराठी दोन्ही जाणणारा टायपिस्ट मिळाला का. दर महिन्याला मी लिहितो, उमेदवार उपलब्ध नाही. चार महिने झाले." त्यानं पत्ता लिहून चिठ्ठी माझ्या हातात दिली. आग्रा रोड, भांडुपच्या अलीकडे, विजेचे स्विच.

मला हसावं की रडावं कळेना. मी तशीच निघाले. फाटकावर तोच पहारेकरी, तोच बोर्ड. काठी उचलली त्यानं. मी चिठ्ठी त्याच्या नाकासमोर धरली. त्याला वाचता येत नव्हतं, पण सरकारी शिक्का कळत होता. त्यानं फाटक उघडलं.

मॅनेजर पारशी होता. चष्मा कपाळावर ठेवून सगळीकडे तोच शोधणारा. चिठ्ठी बघून उडालाच. "अरे बाई, तू होती कुठे इतके दिवस? इकडे माझा मगज खराब होऊन गेला! नोटिस मराठीत लावायची, कायदा हाय. तर तो स्टोरवाला हाताने लिहिते. त्याचा अक्षर तर देवालाबी समजत नाय. मागच्या महिन्याला पाळीचा टाइम बदलला, तर अर्धा लोक चुकीच्या टायमाला आला!"

"इथंच होते," मी म्हटलं. "तुमच्या फाटकाबाहेर. तीनदा आले होते. तुमचा बोर्ड आहे ना."

"तो बोर्ड? तो तर मजूर लोकांसाठी हाय. दोन वरस झाला त्याला." तो खरंच गोंधळला होता. मला त्याच्यावर चिडायचं होतं, पण तो बिचारा चष्मा शोधत होता. मी तो त्याच्या कपाळावर असल्याचं सांगितलं. त्यानं मला मशीनसमोर बसवलं. खाकी कव्हर काढलं तर कोरं करकरीत मराठी मशीन. कारखान्यानं ते चार महिन्यांपूर्वीच आणून ठेवलं होतं आणि त्याच्यावर अजून कोणाचं बोट पडलं नव्हतं.

मला वाटायचं, बेकारी म्हणजे जागाच नसणं. इथं जागा होती, मशीन होतं, माझी वाट बघणारा माणूसही होता. आणि मी त्याच्या फाटकाबाहेर उन्हात उभी. पुढं त्या कारखान्यात मी कित्येक वर्षं काढली, पण ही गोष्ट आठवली की अजूनही माझे हात शिवशिवतात, कुणाला तरी गदगदा हलवावंसं वाटतं. नोकरीला लागल्यावर आठवड्याभरात मी मॅनेजरच्या मागे लागून तो बोर्ड बदलून घेतला. मजूरभरती बंद, कचेरीच्या कामासाठी आत विचारावे. मजकूर मीच टाइप करून दिला.

नोकरी मिळाली त्या संध्याकाळी घरी पोचले तेव्हा बाबा दाराशीच बसले होते. मी एका दमात सगळं सांगितलं. आईनं लगेच देवापुढं साखर ठेवली. बाबा आधी हसले. मग कार्डाचं ऐकलं, त्या खणाचं ऐकलं आणि हसणं थांबलं.

"चुकीच्या खान्यात पडला खिळा," ते हळूच म्हणाले, "की तो असून नसल्यासारखा. आम्ही छापखान्यात नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो."

कोणी टाकला तो खिळा, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "जाऊ द्या ना बाबा, मिळाली ना आता." पण माझाच आवाज मला खोटा वाटला.

दिवाळीच्या आत ऑपरेशन झालं. त्याआधी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि विचारलं, "उन्हाळ्यात सांगितलं होतं. इतके दिवस कुठं होता?" मॅनेजरचाच प्रश्न. बाबांनी डॉक्टरांना काय सांगावं? ते म्हणाले, "जमलं नाही." डॉक्टरांनी चष्मा काढून स्पष्टच सांगितलं. उजवा वाचेल. डावा गेल्यातच जमा आहे, त्याचा दुखावा तेवढा कमी करता येईल. आमच्यासमोरच सांगितलं. बाबांनी मान डोलावली, जणू कुणा दुसऱ्याविषयीच चाललंय.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून थेट इस्पितळात गेले. बाबांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. उशीला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या लावलेल्या, मान हलू नये म्हणून. नर्सबाई आल्या आणि विचारलं, "आजोबा, आता थोडं काही घ्यायला हरकत नाही. काय देऊ, दूध की चहा?"

बाबा म्हणाले, "काहीही चालेल."

माझ्या डोक्यात एकदम काहीतरी फुटलं. "नाही!" मी ओरडले. शेजारच्या खाटेवरचा माणूस दचकला. "काहीही नाही चालणार! पुरे झालं आता! तोंड आहे ना तुम्हाला? सांगा ना काय हवंय ते! एकदा तरी सांगा!"

नर्सबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मला लगेच लाज वाटली. ज्याच्या डोळ्यांवर पट्ट्या आहेत त्याच्यावर कोणी ओरडतं का? पण बाबा रागावले नाहीत. त्यांचा हात चादरीवरून चाचपत माझ्या हातापर्यंत आला. शाईचे काळे डाग नखांच्या कडांना अजून तसेच होते.

"चहा हवा," ते म्हणाले. "आलं घातलेला."

"आणतात हं त्या."

त्यांनी माझी बोटं एकेक करून चाचपली. मग म्हणाले, "आणि डावा डोळा हवा होता गं मला."

अंधेरीचं माझ्या अगदी ओठांवर आलं. गोणपाट, खळीचं पातेलं, उद्या सांगते म्हणाले ते. मी तोंड उघडलंसुद्धा. पण त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोलवेना. मी गिळलं ते.

"मीच आणते चहा," मी म्हटलं.

"साखर जरा जास्त घाल," बाबा म्हणाले.